रविवारचं रेडिओ-मंडळ, नोंद सहावी: वडाप

मागच्या नोंदीत लिहिलं होतं, की आमच्या भागातल्या सामुदायिक रेडिओसाठी, म्हणजे इथल्याच लोकांच्या छोट्या केंद्रासाठी, भाग तयार करणारी आमच्या मंडळातली मुलं माईकसमोर आली की निबंध म्हणायला लागतात. वक्तृत्व स्पर्धेतला चढा आवाज, आणि शेवटी ‘एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवते’. आणखी दोन रविवार त्यातच गेले.

चूक आमच्या प्रश्नात होती. ‘एसटीच्या वेळांबद्दल तुझं मत काय?’ असं विचारलं की मत येतं, पण ते पाठ केलेलं असतं. या वेळी अकरावीतल्या एका मुलीला विचारलं, ‘परवा कॉलेज सुटल्यापासून घरी पोचेपर्यंत काय काय झालं?’ ती सलग अकरा मिनिटं बोलली. त्यातला हा तुकडा:

‘साडेपाचची यष्टी हुकली की वडापच. वडापला घरचे नको म्हणत्यात. म्हणून मी खो-खोची प्रॅक्टिस सोडली... घरी अजून सांगितलं न्हाई, सोडली म्हणून.’

(वडाप म्हणजे माणसं भरून नेणारी खासगी जीप.) हेडफोनवर ऐकताना अंगावर काटा आला. मी स्वतः कॉलेजात असताना आकाशवाणीच्या ‘युववाणी’त लिहून नेलेला कागद वाचला होता. १९६९ साली दिल्लीहून सुरू झालेल्या त्या सेवेनं माझ्यासारख्या कितीजणांना माईक दाखवला, त्याचं ऋण आहेच. पण असं वाक्य कागदावर कधी उतरलं नसतं.

तांत्रिक बाजू, ज्यांनी विचारलं होतं त्यांच्यासाठी: खिडकीला दोन गोधड्या, पंखा बंद, माईक तोंडापासून वीतभर आणि जरा तिरका, म्हणजे ‘प’ आणि ‘भ’चा फटका बसत नाही. बोलणं सुरू व्हायच्या आधी खोलीची नुसती शांतता अर्धा मिनिट रेकॉर्ड करून ठेवा. कट जोडताना तीच खाली अंथरायची. ऑडॅसिटी या आवाज-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये नॉइज रिडक्शन (मागची खरखर कमी करणं) अगदी हलकं लावलं. जास्त लावलं की आवाज पाण्यातून आल्यासारखा होतो.

अकरा मिनिटांची चार केली. ‘प्रॅक्टिस सोडली’ यानंतरचा थांबा मी आधी कापला होता. तिनंच पुन्हा घालायला लावला. ‘तिथं मी विचार करत होते,’ म्हणाली. ‘यष्टी’ची ‘एसटी’ करायची का, यावर मंडळात वाद झाला. मी ठामपणे नाही म्हटलं. सरकारच्या २००६च्या धोरणानंतर स्वयंसेवी संस्थांनाही सामुदायिक रेडिओ चालवता येऊ लागला, त्यात निम्मा तरी मजकूर स्थानिक हवा अशी अट आहे. स्थानिक म्हणजे बोलीसुद्धा, असं मी धरतो.

आमच्या रेडिओ केंद्रानं एकच गोष्ट तपासली: ही बातमी तर नाही ना? सामुदायिक रेडिओला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. डेपोच्या वेळापत्रकावर आम्ही बातमी केली असती तर अडलं असतं. एका मुलीची संध्याकाळ मात्र चालते.

खरी अडचण वेगळीच. शंभर वॅटचा ट्रान्समीटर, दहा-पंधरा किलोमीटरचा पल्ला, म्हणजे ऐकणारे सगळे ओळखीचे. तिच्या घरीही रेडिओ लागतो. जी गोष्ट घरी सांगितलेली नाही ती आधी हवेत कशी सोडायची? भाग तयार असून तीन आठवडे थांबवला. त्या जागी पेरणीच्या गाण्यांचा जुना भाग लावला. तिच्यावर घाई केली नाही, वाक्य काढून टाकायचा पर्यायही दिला. तिनं तो घेतला नाही.

गेल्या रविवारी ती वडिलांना घेऊन आली. त्यांनी हेडफोन लावून चारही मिनिटं ऐकली, मग पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितलं. दुसऱ्यांदा ऐकून झाल्यावर म्हणाले, ‘माझंबी यात घ्या. मी का नको म्हणतो ते सांगतो.’

मंडळातल्या निम्म्या मुलांना ते लगेच जोडावं असं वाटत होतं. मला नाही पटलं. तिच्या चार मिनिटांच्या शेवटी बापाचं उत्तर लावलं, तर शेवटचा शब्द त्यांचा होतो. तिचा भाग जसाच्या तसा बुधवारी संध्याकाळी गेला. वडिलांचं बोलणं वेगळं रेकॉर्ड केलंय, आठ मिनिटांचं, आणि त्यांना प्रश्न तिनंच विचारलेत. ते पुढच्या भागात.

येत्या आठवड्यात साडेपाचला स्टँडवर रेकॉर्डिंग आहे. तिथं वारा फार, माईकला फरचं टोपडं शिवायचंय. कुणी घरी शिवलं असेल तर कापड कोणतं घेतलं ते कळवा.