रणगाडा सहल, अपडेट ४ : सावलीचा तिढा सुटला, तारीख परत हलली

मंडळी, आपल्या छोट्या मॉडेलांसाठी खऱ्या रणगाड्यांचे फोटो काढायला नगरच्या टँक म्युझियमला जायचं आहे, त्याचं घोडं दीड महिना जिथे अडून बसलं होतं तिथून आज हललं. गाडी, वर्गणी, सुट्ट्या हे सगळं जमत आलं होतं, अडलं होतं ते सावलीवर.

मागच्या अपडेटमध्ये लिहिलं होतं की मेमध्ये मी एकटीच पाहणीला जाऊन येते. गेले, आणि चौकशीचं सगळं नीट झालं. लष्कराचा परिसर आहे त्यामुळे ओळखपत्र प्रत्येकाने आणायचंच, आणि कॅमेऱ्यांचं गेटवर आधी विचारायचं, मगच बॅगा उघडायच्या. चौदा जण असलो तरी गर्दी होणार नाही, रणगाडे मोकळ्या मैदानात ऐसपैस उभे आहेत, चारही बाजूंनी फिरता येतं. मी तीनशेच्या वर फोटो काढून खुशीत घरी आले आणि रात्री कॉम्प्युटरवर उघडले तर विजयंता या भारतीय रणगाड्याची टरेट (वरचा फिरता बुरूज), हॅच (आत उतरायची झाकणं), अँटेनाचे बेस सगळं लख्ख, आणि ट्रॅक गार्डच्या (ट्रॅकवरच्या पत्र्याच्या) खाली नुसता कोळसा. मला जे हवं होतं ते सगळं तिथेच खाली होतं. माझ्या स्क्रॅच बिल्डला, म्हणजे किटशिवाय सगळं हाताने बनवायच्या मॉडेलला, सहा रोड व्हील (खालची मोठी चाकं), तीन रिटर्न रोलर (ट्रॅकची वरची बाजू पेलणारे) आणि टॉर्शन बारचे आर्म्स (चाकं धरणारे दांडे) हवेत, तेही एका बाजूला एवढे म्हणजे दोन्हीकडे मिळून दुप्पट, आणि विजयंताचं प्लॅस्टिक किट काही दुकानात गेलो आणि घेतलं असं मिळत नाही हे तुम्हाला माहितीच आहे. ब्रिटिश चर्चिल करणाऱ्या काकांचं तर याहून वाईट, त्यांच्या रणगाड्याला एकेका बाजूला अकरा बारकी चाकं आणि तीही ट्रॅकच्या चौकटीत लपलेली, माझ्या फोटोत त्यातली दोनसुद्धा मोजता येत नव्हती.

आधी वाटलं माझं एक्स्पोजर चुकलं. मग फोटोंची वेळ बघितली, बहुतेक सगळे बारा ते एकमधले. आणि तारीख बघितल्यावर ट्यूब पेटली, शून्य सावलीचा आठवडा! पुण्यात साधारण १३-१४ मेला सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, नगर थोडं उत्तरेला म्हणून तिथे दोनतीन दिवसांनी, वेळ साडेबाराच्या आसपास. म्हणजे वर्षभरात रणगाड्याच्या पोटाखाली सगळ्यात गडद सावली ज्या वेळी पडते नेमक्या त्याच वेळी मी तिथे उभी होते. खांबाची सावली नाहीशी होते त्या दिवशी, पण रणगाड्याला बाहेर आलेले ट्रॅक गार्ड असतात आणि त्यांची सगळी सावली सरळ चाकांवर येते.

मग उपाय सुरू केले. रणगाडा तर पुण्यात नाही, पण आमच्या सोसायटीसमोर बांधकामाचा एक डंपर रोज उभा असतो, त्याचं पोट रणगाड्याइतकंच काळं आणि गुंतागुंतीचं. ड्रायव्हरदादांना विचारून त्यावर प्रयोग केले. मोबाइलचा एचडीआर (ऊन-सावली दोन्ही जुळवून घेणारा मोड) मला पटला नाही, सावली उजळते खरी पण बोल्टची डोकी पुसट होऊन लोण्यासारखी दिसतात आणि आपल्याला तीच तर मोजायची असतात. रॉ फाइल (कॅमेऱ्याची मूळ, न सुधारलेली फाइल) उजळली तर नॉइज, नुसते दाणे. फ्लॅश मारला तर पुढच्या चाकावर पांढरा डाग आणि मागे परत काळोख. थर्माकोलची शीट बरी निघाली पण वाऱ्यात धरवत नाही, आणि नगरच्या त्या मोकळ्या मैदानात वारा असतोच. सगळ्यात चांगला निघाला गाडीच्या काचेला आतून लावतात तो चंदेरी पडदा. जमिनीवर पसरायचा, एक कड थोडी उचलायची, उजेड थेट खालून आत जातो. फोटोवाल्यांचा महागडा रिफ्लेक्टर एका दादांकडून आणून शेजारी ठेवून बघितला, फरक आहे पण त्या किमतीचा नाही. पडदाच घ्या.

पण पडद्याने एका वेळी दोन चाकं उजळतात. चौदा जण, प्रत्येकाचा रणगाडा वेगळा, हा हिशोब दिवसात बसेना. म्हणून डिसेंबर ठरवला होता. डिसेंबरमध्ये नगरला भर दुपारीसुद्धा सूर्य ४७-४८ अंशांच्या वर जात नाही आणि सकाळी साडेनऊला तर तीसच अंश असतो, म्हणजे ऊन तिरकं थेट चाकांवर. दक्षिणेकडची बाजू एकदम सुरेख मिळणार. उत्तरेकडची बाजू मात्र थंडीत दिवसभर सावलीत, तिथे पडदे. एवढं ठरवून परवा हे अपडेट लिहायला घेतलं आणि इथपर्यंत लिहून झोपले.

काल सकाळी उठले तर आभाळ गच्च भरलेलं, पाऊस नाही. दूध आणायला खाली गेले आणि डंपरचं अख्खं पोट दिसलं! प्रत्येक बोल्ट, प्रत्येक पाट्याची कड, चाकाच्या आतल्या बाजूला लागलेलं ग्रीससुद्धा. दूध तसंच हातात धरून मोबाइलवर फोटो काढले, पडदा नाही, फ्लॅश नाही, आणि मेमधल्या तीनशे फोटोंपेक्षा ते सहा फोटो चांगले आलेत. ढगांमुळे उजेड सगळ्या आभाळातून येतो, तो आडवाही आत शिरतो, आणि उत्तर-दक्षिण हा प्रश्नच मिटतो, दोन्ही बाजू सारख्या. मी ऊन कुठल्या कोनातून येईल याच्या मागे लागले होते आणि हवं होतं ऊन नसलेलं आभाळ.

तर डिसेंबर रद्द, आषाढी झाल्यावरचा रविवार बघूया. पावसाची भीती वाटणाऱ्यांना सांगते, नगर पर्जन्यछायेत येतं. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे ढग भरपूर आणि पाऊस पुण्या-मुंबईच्या मानाने कमी, आपल्याला हवं तेच. माझी पसंती जुलैच्या शेवटच्या किंवा ऑगस्टच्या पहिल्या रविवारला, पंधरा ऑगस्टला लागून नको कारण जोडून सुट्टी आली की नगर रोडला शिर्डीची गर्दी असते. श्रावण लागला असेल तर जेवणाचं आधी सांगा. नाश्ता सुप्याला मिसळ, हे मात्र बदलणार नाही.

गाडीचं सांगायचं राहिलं. डिसेंबरसाठी जो टेम्पो ट्रॅव्हलर बोलून ठेवला होता त्याने तारीख बदलल्यावर भाडं एकदम वाढवून सांगितलं, मला ते आवडलं नाही. दुसरा बघतेय. नाहीतर वाकडेवाडीहून पहाटेची एसटी आणि नगरला रिक्षा, हे वाटतं तेवढं अवघड नाही, मी मेमध्ये तसंच गेले होते. कसंही गेलो तरी साडेपाचला निघायचं, वाघोली उजाडायच्या आत पार झाली पाहिजे.

मोजमापासाठी हात लावायचा नाही, वर चढायचं नाही, हे सगळ्यांनी पाळायचं. १९९४ पासून लष्कराने हे रणगाडे जपलेत, त्यातला पॅटन तर १९६५ च्या युद्धात हाती लागलेला. मी पन्नास सेंटिमीटरच्या लाकडी पट्टीवर दर पाच सेंटिमीटरला काळा-पांढरा रंग दिलाय, ती चाकाशेजारी जमिनीवर उभी धरायची, चाकाच्याच अंतरावर, आणि कॅमेरा चाकाच्या मध्याच्या उंचीवर. डंपरच्या टायरवर तपासलं, फोटोवरून काढलेला व्यास आणि टेपने मोजलेला व्यास यात एक सेंटिमीटरसुद्धा फरक नव्हता, १/३५ मध्ये, म्हणजे पस्तीसपट लहान मॉडेलवर, तो पाव मिलिमीटरच्या आसपास, चालेल. रंग मात्र तिथून उचलू नका, म्युझियममधले रणगाडे परत परत रंगवलेले असतात, युद्धातला हिरवा जुन्या फोटोंवरून ठरवायचा.

आणि एक आनंदाची बातमी, माझी तोफ झाली. विजयंताची तोफ १०५ मिमी, म्हणजे १/३५ मध्ये तोंड बरोब्बर ३ मिमी, आणि बोहरी आळीत आतून ३ मिमीची पितळी नळी मिळाली, सरळ, एकही पोचा नाही. ऑनलाइन मागवलेली तयार तोफ वाकडी आली होती आणि दुकानदाराने परत घ्यायला नकार दिला, त्यापेक्षा आळीत जाऊन स्वतः डोळ्यासमोर धरून निवडा. आता हल (रणगाड्याचं धड) आणि टरेट तोफेसकट तयार आहे, रुंदी साधारण ९० मिमी, टामिया एक्स्ट्रा थिन या पातळ गोंदाने जोडलेले सांधे छान बसलेत, फक्त खाली चाकं नाहीत म्हणून डबीवर ठेवलाय. रोज संध्याकाळी कामावरून आले की आधी त्याच्याकडे बघते.

तिथे गेल्यावरचा क्रम असा ठरवत होते की सगळे मिळून एकेक रणगाडा. पण ढगाळ उजेड दिवसभर सारखाच राहणार, मग एकत्र फिरायची गरजच नाही! तीन गट करूया. चर्चिल आणि व्हॅलेंटाइन एक गट, त्यातच आर्चर, कारण त्याची चासी व्हॅलेंटाइनचीच आणि तोफ मागे तोंड केलेली, ती आर्चर करणाऱ्या ताईंना बाजूने हवीय. चॅफी आणि बाकी अमेरिकन दुसरा गट, १९७१ च्या गरीबपूरच्या लढाईचा डायोरामा (छोटा देखावा) करणाऱ्या दादांचे भारताकडचे पीटी-७६ तयार आहेत, समोरच्या पाकिस्तानी चॅफींसाठी ते थांबलेत, तेव्हा त्यांना तिथे पूर्ण दोन तास द्यायचे. तिसरा गट विजयंता आणि सेंच्युरियन, तिथे मी. मॅटिल्डावाल्यांनी आपापल्या सोयीने बघा, तिच्या चाकांवर पत्र्याचे झाकणच आहे, ऊन असो वा ढग.

एकच शंका उरलीय. बारीक पावसाने रणगाडे ओले झाले तर पत्रा चमकेल आणि वेल्डिंगच्या रेघा त्या चकाकीत हरवतील. सीपीएल म्हणजे पोलरायझिंग फिल्टर लेन्सला लावला तर चकाकी कमी व्हायला हवी, पण मी ओल्या पत्र्यावर कधी वापरला नाहीये. डंपरवाले दादा उद्या गाडी धुणार आहेत, सकाळी सातला खाली जाऊन बघते. ज्यांच्याकडे ५८ मिमीचा सीपीएल आहे त्यांनी आज रात्रीच मेसेज टाका, मी येऊन घेऊन जाईन.