जुनी ग्रिड सॉफ्टवेअरं नव्याने लिहिताना: सायमॅपचा प्रिंटर आणि टॉमलिनचा ‘स्प्रेड’

या टप्प्यात दोन कामं हाती घेतली होती. एक, सायमॅप या १९६० च्या दशकातल्या नकाशे छापणाऱ्या प्रोग्रामचं इंटरपोलेशन, म्हणजे मोजलेल्या बिंदूंवरून मधल्या जागांचे आकडे काढणं, मूळ सूत्रांबरहुकूम पायथनमध्ये उतरवणं. दुसरं, डॅना टॉमलिन यांच्या ‘मॅप ॲनालिसिस पॅकेज’ या नकाशा-विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमधली ‘स्प्रेड’ ही अंतर पसरवणारी आज्ञा. दोन्ही ग्रिडवर, म्हणजे नकाशाच्या चौकटींच्या (सेलच्या) जाळीवर चालतात. दोन्ही चालू लागलं आहे. चाचणीसाठी ग्रास या मोफत नकाशा-सॉफ्टवेअरसोबत वर्षानुवर्षं मिळणारा स्पीअरफिशचा डेटा घेतलाय, म्हणजे साउथ डकोटातल्या ब्लॅक हिल्सच्या उत्तरेकडचा भाग. आपल्यापैकी अनेकजण ग्रास त्याच्यावरच शिकले असतील, त्यामुळे निकाल ताडून बघणं सोपं जाईल.

आधी सायमॅप. हॉवर्ड फिशर हे मुळात वास्तुविशारद. १९६३ मध्ये एडगर हॉरवुड यांचं संगणकी नकाशांचं प्रात्यक्षिक पाहून ते या कामाला लागले, आणि नॉर्थवेस्टर्नमध्ये बेटी बेन्सन या प्रोग्रामरने सायमॅप लिहिलं. १९६५ मध्ये फोर्ड फाउंडेशनच्या पैशातून हार्वर्डमध्ये प्रयोगशाळा उभी राहिली ती याच कामावर. तेव्हा हाताशी असलेलं यंत्र म्हणजे लाइन प्रिंटर, जो फक्त अक्षरं छापतो. मग त्याच अक्षरांतून करडेपणाच्या छटा काढल्या: फिकट जागी टिंब, गडद जागी अधिकचं चिन्ह, आणि सगळ्यात काळ्या जागी एकाच ठिकाणी ओ, एक्स, ए आणि व्ही एकावर एक छापायचे. नकाशा कागदापेक्षा रुंद असला तर पट्ट्यांमध्ये छापून चिकटवायचा.

अक्षराची जागा चौरस नसते, हे इथे फार महत्त्वाचं. इंचाला १० अक्षरं आडवी आणि ८ ओळी उभ्या, म्हणजे एक ओळ खाली जाणं हे एक रकाना उजवीकडे जाण्याच्या सव्वापट. म्हणून सायमॅपमधली अंतरं कागदावरच्या इंचांत मोजलेली असतात, आणि माझ्या कोडमध्येही मी तेच ठेवलंय. आजच्या टर्मिनलवर अक्षर रुंदीच्या साधारण दुप्पट उंच असतं, तेव्हा तिथला गुणक वेगळा दिलाय.

इंटरपोलेशनचं सूत्र डोनाल्ड शेपर्ड यांचं. हार्वर्डमध्ये पदवीचं शिक्षण घेत असतानाच त्यांनी ते बसवलं आणि १९६८ मध्ये प्रसिद्ध केलं. आज आपण ज्याला आयडीडब्ल्यू (अंतराच्या व्यस्त प्रमाणात वजन) म्हणतो ते यातून आलं, पण बहुतेक पॅकेजांत त्याचा फक्त सांगाडा उरलाय. साधा सांगाडा असा: एका सेलपासून तीन बिंदू १, २ आणि ४ अंतरावर, त्यांची उंची १००, २०० आणि ४०० मीटर. वजन अंतराच्या वर्गाच्या व्यस्तात, म्हणजे १, ०.२५ आणि ०.०६२५. बेरीज १.३१२५, भारित बेरीज १७५, उत्तर १३३ मीटर.

शेपर्ड इथे थांबले नाहीत. त्रिज्या अशी निवडायची की सरासरी ७ बिंदू आत यावेत, कमीत कमी ४ आणि जास्तीत जास्त १०. त्रिज्येच्या एक तृतीयांशापर्यंत वजनाचा आधार साधा व्यस्त अंतराचा, पुढे एका वेगळ्या वक्राने तो त्रिज्येच्या काठावर बरोबर शून्याला येतो, त्यामुळे बिंदू आत-बाहेर झाला तरी पृष्ठभागाला पायरी पडत नाही. एका बिंदूच्या मागे आडोशाला दडलेल्या बिंदूचं वजन कमी. आणि प्रत्येक बिंदूपाशी उताराचा अंदाज मिसळायचा, नाहीतर प्रत्येक बिंदूभोवती सपाट टेकाड नाहीतर खळगा दिसतो.

हा उताराचा भाग काढून आणि ठेवून, असे दोन्ही नकाशे छापले. मूळ उंचीच्या रास्टरमधून (सेलच्या जाळीतून) विरळ बिंदू उचलले होते, त्यातले दरीच्या तळाशी फारसे पडले नाहीत. उतार वगळला की स्पीअरफिश कॅन्यन जवळजवळ बुजून जाते, कारण निव्वळ भारित सरासरी कधीच आसपासच्या सर्वांत कमी आकड्याच्या खाली उतरू शकत नाही. उतार ठेवला की दरी पुसट का होईना, पुन्हा दिसू लागते. एवढी बारकाई १९६८ मध्ये, पंच कार्डांच्या जमान्यात! मला मनापासून वाटतं, शेपर्ड यांचा मूळ लेख आपण प्रत्येकाने एकदा तरी शांतपणे वाचावा.

पण सायमॅपचा शेवट चित्रावर होतो. त्या सेल प्रिंटरमुळे आल्या. त्याच सेलना प्रश्न विचारता येतील, हे हार्वर्डमध्येच ‘ग्रिड’ या प्रोग्राममधून आणि मग डेव्हिड सिंटन यांच्या आयएमग्रिडमधून पुढे आलं, आणि टॉमलिन यांनी त्याचं व्याकरण केलं. येलमधला त्यांचा प्रबंध १९८३ चा. लोकल म्हणजे त्याच सेलपुरतं, फोकल म्हणजे शेजाऱ्यांसकट, झोनल म्हणजे एकाच प्रदेशातल्या सगळ्या सेल मिळून. प्रत्येक आज्ञा नकाशा घेते आणि नकाशाच परत देते, म्हणून आज्ञा एकीपुढे एक जोडता येतात. ग्रासचं आर.मॅपकॅल्क (नकाशांवर गणित करणारी आज्ञा) वापरताना आपण याच विचारावर उभे असतो. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत मोठी झेप हीच.

‘स्प्रेड’ हे त्यातलं मला सर्वांत आवडतं. रस्त्यापासून सुरुवात करून, वाटेतल्या सेलचा अडथळा मोजत अंतर पसरत न्यायचं. मी डायक्स्ट्राच्या, कमीत कमी खर्चाची वाट शोधणाऱ्या पद्धतीने केलंय, आठ शेजारी, तिरप्या पावलाला १.४१४. अडथळा सगळीकडे सारखा ठेवून तपासलं, तर समान अंतराच्या रेषा वर्तुळाऐवजी अष्टकोनी येतात. १२ सेल आडवं आणि ५ सेल उभं गेलेल्या सेलचं खरं अंतर १३, आठ शेजाऱ्यांनी ते १४.०७ होतं. बुद्धिबळातल्या घोड्याची चाल जोडली की पाच घोडे आणि दोन सरळ पावलं, एकूण १३.१८. ग्रासच्या आर.कॉस्ट या अशाच आज्ञेत ‘-के’ पर्याय नेमकं हेच करतो. तो आता माझ्याकडेही आहे, वेळ मात्र जास्त घेतो, त्यामुळे मोठ्या रास्टरवर अजून बंदच ठेवतो.

पुढचं काम ‘ड्रेन’: उंचीच्या नकाशावरून पाणी उताराने सोडणं. सपाट सेलवर पाणी कुठे न्यायचं, याचे दोन मार्ग डोक्यात आहेत, दोन्ही स्पीअरफिशवर चालवून बघतो. ‘रेडिएट’, म्हणजे दृश्यक्षेत्र (एका जागेवरून दिसणारा भाग), त्यानंतर.