मांडवीची जहाजे पाहावीत ती उधाणाच्या तिथीला, आणि नदीच्या पात्रात न उतरता

कच्छमधील मांडवीला जाऊन लाकडी जहाजांची बांधणी पाहावी आणि जमल्यास शिडाच्या जहाजातून आखातात एक फेरी मारावी, या दोनच हेतूंनी आम्ही तिघे पौष पौर्णिमेच्या चार दिवस आधी तिथे पोहोचलो. पहिला हेतू अपेक्षेहून अधिक सफल झाला. दुसऱ्याच्या बाबतीत आमची सरळ फसवणूक झाली, आणि हा वृत्तांत मुख्यतः त्यासाठीच लिहीत आहे.

मांडवीत पर्यटकाला शिडाच्या जहाजातून नेणारी कोणतीही सोय आम्हाला आढळली नाही. भुजमधील एका दलालाने मात्र 'पारंपरिक शिडाच्या जहाजातून तीन तासांची सफर' असे सांगून आमच्याकडून माणशी १,८०० रुपये आगाऊ घेतले होते. द्वादशीच्या सकाळी प्रत्यक्षात समोर आली ती फायबरची, मागे इंजिन लावलेली छोटी होडी. शीड कुठे आहे असे विचारल्यावर होडीवाल्याने एका बांबूला गुंडाळलेली निळी ताडपत्री दाखवली आणि वारा असेल तर ती उघडतो, असे उत्तर दिले. वारा चांगला होता, तरी ती उघडली गेली नाही. चाळीस मिनिटांत आम्ही किनाऱ्याला परत आलो आणि उरलेल्या पैशांबद्दल दलालाने फोन उचलला नाही. किनाऱ्यावर अशाच होडीतून लोक माणशी दोनशे रुपयांत फिरून येत होते, हे आम्हाला उतरल्यावर कळले. आगाऊ पैसे कोणालाही देऊ नयेत आणि 'शीड' हा शब्द कानावर पडताच आधी डोलकाठी दाखवायला सांगावी.

शीड का उरले नाही, याचे उत्तर बांधणीच्या जागेवर मिळाले. इथे जहाजाला 'वहाण' म्हणतात; मराठी कानाला तो शब्द पायातल्या वहाणेची आठवण करून देतो आणि पहिले दोन दिवस संभाषणात गोंधळ होतो. एके काळी कच्छची 'कोटिया' जातीची वहाणे हिवाळ्यातील ईशान्येच्या वाऱ्यावर मस्कत आणि झांझिबारकडे जात आणि वारा उलटला की नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर परत येत. संपूर्ण व्यापाराचे वेळापत्रक वाऱ्याने ठरवलेले होते. आज बांधली जाणारी वहाणे डिझेल इंजिनावर चालतात, आणि त्यांची डोलकाठी प्रामुख्याने माल चढवण्या-उतरवण्याच्या कामाला येते. अनेकदा इंजिनही इथे बसवले जात नाही. नुसता सांगाडा ओढत दुबईला नेला जातो आणि यंत्रे तिथे बसतात. ही जहाजे आखाती देशांतून सोमालिया, येमेनपर्यंत तांदूळ, साखर असा माल नेतात, कारण मोठी पोलादी जहाजे ज्या उथळ बंदरांत शिरू शकत नाहीत, तिथे ही शिरतात. म्हणून तर कंटेनरच्या युगातही हा धंदा टिकून आहे.

आता वाटेतील एका भयंकर टप्प्याविषयी, कारण आमच्यानंतर जाणाऱ्या कोणाच्याही नशिबी तो येऊ नये. मांडवी शहर रुक्मावती नदीच्या मुखाशी वसलेले आहे आणि जहाजे नदीच्या दोन्ही काठांवर उभी केली जातात. एका काठावरचे काम पाहून दुसऱ्या काठावर जायचे तर पुलावरून वळसा घालून रस्त्याने जावे लागते. त्रयोदशीला एका स्वयंघोषित मार्गदर्शकाने आम्हाला पटवले की ओहोटीच्या वेळी पात्रातून चालत गेल्यास वळसा वाचतो आणि जहाजांचे तळ खालून पाहायला मिळतात. तळ दिसतात, हे खरे आहे. परंतु वरून वाळलेल्या दिसणाऱ्या पापुद्र्याखाली काळानिळा रेंदा आहे, आणि काठापासून शंभर पावले आत गेल्यावर पाय आधी घोट्यापर्यंत आणि मग गुडघ्यापर्यंत रुतू लागले. त्या गाळात शहराचे सांडपाणी मिसळते, त्यामुळे दुर्गंधी असह्य होते. त्याहून वाईट म्हणजे त्यात लाकडाचे धारदार तुकडे आणि गंजलेले खिळे पडलेले असतात. आमच्यापैकी एकाच्या सँडलचा पट्टा तुटून ती गाळातच राहिली आणि तळपायात खिळा घुसला. जेमतेम चारशे मीटर अंतराला आम्हाला एक तास दहा मिनिटे लागली. मध्यावर असतानाच भरतीचे पाणी खालच्या बाजूने चरांतून मागे येऊ लागले. ते लाटेसारखे येत नाही, तर आपण मागे वळून पाहतो तेव्हा आपल्याच पावलांचे खळगे भरलेले दिसतात. मार्गदर्शक तोवर पलीकडे पोहोचून पाचशे रुपयांची वाट पाहत उभा होता. सह्याद्रीत तिघांनीही बरीच पायपीट केलेली आहे आणि दम कमी पडला असे नाही; गाळात दमाचा उपयोगच होत नाही. पात्रात उतरू नये, मग सोबत कोणीही असो. बांधणीच्या जागेत कोरड्या जमिनीवर फिरतानासुद्धा जाड तळाचे बंद बूट घालावेत आणि धनुर्वाताची लस आधीच घेतलेली असावी. संध्याकाळी तिच्यासाठी दवाखाना शोधत फिरणे फार कंटाळवाणे होते.

जहाज पाहण्याचे तिकीट नसते. आमच्याकडून त्या मार्गदर्शकाने 'प्रवेश' म्हणून माणशी आणखी दोनशे रुपये घेतले आणि ते जहाज बांधणाऱ्या मिस्त्रींपर्यंत पोहोचलेच नव्हते, हे दुसऱ्या दिवशी त्यांच्यातल्या प्रमुख मिस्त्रीकाकांनीच सांगितले. ही जागा म्हणजे कोणाच्या तरी मालकीचे चालू काम आहे. रीतसर विचारावे, मचाणावर परवानगीशिवाय चढू नये, आणि दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत गेल्यास माणसे निवांतपणे बोलतात. चतुर्दशीचा संपूर्ण दिवस आम्ही असाच काढला आणि तोच या प्रवासातील सर्वांत मोलाचा दिवस ठरला.

तीन मजली घराएवढा उंच सांगाडा लाकडी टेकूंवर उभा असतो आणि संपूर्ण कामात कागदावरचा आराखडा आम्हाला कुठेही दिसला नाही. मापे मिस्त्रीच्या डोक्यात आणि डोळ्यात असतात. आधी तळाचा कणा पडतो, त्याला पुढची नाळ आणि मागचा खांब जोडला जातो, आणि मग बाजू वर येऊ लागतात. बाहेरच्या फळ्यांना मलेशियातून आणलेले सालाचे लाकूड वापरतात. आतल्या फासळ्यांना मात्र बाभळीची मुळातच वाकडी वाढलेली खोडे निवडतात, कारण सरळ लाकूड कापून काढलेल्या वाकापेक्षा झाडाने स्वतः घेतलेला वाक अधिक भार सोसतो. अंगणात शंभरेक वाकडी खोडे पसरलेली होती आणि काका त्यांच्यामधून हिंडत, एखाद्यावर पाय ठेवून, ते जहाजात कुठे बसेल हे सांगत होते. वाकस आणि पटाशी अजून चालते, जरी भोके पाडायला विजेचे ड्रिल आले आहे. वीतभर लांबीचे लोखंडी खिळे ठोकून झाले की फळ्यांमधील सांध्यांत कापूस ठासला जातो. एक माणूस दिवसभर तेवढेच करत होता. छिन्नीवर पडणाऱ्या ठोक्याचा आवाज बदलला की तो पुढे सरकत असे. सांधा भरला की ठोका भरीव वाजतो, हे त्याने आमच्या हातात हातोडी देऊन ऐकवले. एक मोठे वहाण पुरे व्हायला दोन वर्षे तरी लागतात आणि मागणी नसली तर ते अर्धवट उभे राहते. तशी दोन आम्ही पाहिली.

मार्गदर्शक मंडळी वास्को द गामाला पूर्व आफ्रिकेतील मालिंदीहून हिंदुस्थानात आणणारा वाटाड्या कच्छचा कानजी मालम होता, असे छातीठोकपणे सांगतात. त्यावर इतिहासकारांचे एकमत नाही, हे ध्यानात ठेवावे. त्यापेक्षा भुजमध्ये आईना महाल पाहून मग मांडवीला यावे. अठराव्या शतकात हॉलंडमध्ये कारागिरी शिकून आलेल्या रामसिंग मालम या दर्यावर्दी माणसाने तो कच्छचे राजे राव लखपतजी यांच्यासाठी उभारला, आणि समुद्राने या प्रदेशाला काय दिले ते तिथे डोळ्यांना दिसते.

विजय विलास राजवाडा, पवनचक्क्यांचा किनारा आणि दाबेली या सर्व गोष्टी चांगल्या आहेत आणि त्यांना अर्धा दिवस पुरतो. मांडवीला रेल्वे नाही. मुंबईहून गाडीने भुजपर्यंत यावे आणि तिथून सुमारे ६० किलोमीटर बसने जावे. रस्ता उत्तम आहे.

पौर्णिमेला एक तयार सांगाडा पाण्यात जायचा होता. तो आधीच उतारावर खाली सरकवून ठेवलेला होता आणि दुपारच्या भरतीला उचलला जाईल, असे आम्ही गृहीत धरले होते. पाणी कण्याच्या वर आले, जहाज किंचित कुरकुरले आणि तिथेच राहिले. आम्ही निराश झालो, पण मिस्त्रीकाका शांतपणे म्हणाले की हिवाळ्यात रात्रीची भरती दिवसाच्या भरतीपेक्षा मोठी असते आणि खरे काम रात्रीच आहे. म्हणून हिवाळ्यात जाणाऱ्यांनी अमावास्येपेक्षा पौर्णिमेचे उधाण निवडावे, म्हणजे रात्री उजेड असतो. कोकणात भरतीची वेळ काढायला तिथीचा पाऊणपट धरण्याचा आडाखा आहे. तो इथे जसाच्या तसा लावू नये, मांडवीचे स्वतंत्र कोष्टक पाहावे. भरती रोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते, एवढे मात्र सगळीकडे खरे आहे.

मध्यरात्रीनंतर आम्ही काठावर घोंगडी पांघरून बसलो होतो. पाय दुखत होते, एकाच्या तळव्याला पट्टी होती आणि थंडी बोचरी होती. दोन मच्छीमार बोटी दोर ताणून उभ्या होत्या. कोणी आरडाओरडा केला नाही. फक्त टेकूंचा एक कोरडा आवाज झाला आणि दोन वर्षे जमिनीवर उभे असलेले ते लाकूड एका बाजूला हलकेच झुकून पुन्हा सरळ झाले. कापूस भरणारा तो माणूस लगेच आत उतरला आणि कंदील घेऊन तळाशी कुठे पाणी येते का ते पाहू लागला. पहाटे चारच्या सुमारास त्याने वर येऊन फक्त मान हलवली. यासाठी कामावर रजा घ्यावी लागली तरी ती घ्यावी, आणि मुक्काम किमान पाच रात्रींचा ठेवावा; कारण सांगाडा कोणत्या भरतीला उठेल, हे आदल्या दिवसापर्यंत मिस्त्रीसुद्धा नक्की सांगत नाहीत.