डिसेंबरात पाणी जागं ठेवताना

पहाटे तीन वाजून दहा मिनिटांनी वायरलेसवर निरोप आला. पूर्वेकडच्या वरच्या मजल्यावर बायकांच्या स्वच्छतागृहात पाणी नाही, एकूण एक तोटी कोरडी. मी तेव्हा पश्चिमेच्या बाजूला हिटर तपासत होतो. स्टेडियमला अर्धा वळसा घालायला चालत दहा-बारा मिनिटं लागतात, आणि उतारावर मीठ टाकूनसुद्धा काचेसारखा बर्फ धरलेला, त्यामुळे पळायची सोय नव्हती. काही तासांनी दारं उघडणार होती आणि ती उघडली की त्या मजल्यावर हजारो माणसं येणार होती.

अमेरिकेच्या उत्तरेकडच्या एका विद्यापीठात मी इमारत देखभाल विभागात काम करतो, पाण्याच्या लाइनी माझ्याकडं असतात. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही, कारण नोकरी अजून तिथंच आहे. गोष्ट डिसेंबर २०२४ची, कॉलेज फुटबॉलच्या प्लेऑफची. हे फुटबॉल म्हणजे आपण पायानं खेळतो ते नव्हे; हेल्मेट घालून, लांबुडका चेंडू घेऊन धडका मारत खेळतात ते. कॉलेजची पोरं खेळतात, पण पसारा आपल्या कल्पनेबाहेरचा. आपल्या वानखेडेवर साधारण ३३ हजार माणसं बसतात. पेन स्टेटच्या बीव्हर स्टेडियमची क्षमता एक लाख सहा हजारांच्या वर आणि ओहायो स्टेटची एक लाख दोन हजारांच्या वर आहे. तीन वानखेडे रचून ठेवावेत, तसं ते दिसतं.

२०१४ पासून दहा हंगाम या प्लेऑफमध्ये चारच संघ असायचे आणि सगळे सामने त्रयस्थ मैदानावर व्हायचे, बहुतेक उबदार गावांत नाहीतर छताखाली. २०२४ला संघ बारा झाले आणि पहिल्या फेरीचे चार सामने यजमान विद्यापीठाच्या स्वतःच्या मैदानावर ठेवले. २० आणि २१ डिसेंबरला ते झाले: नोत्र दाम, पेन स्टेट, ओहायो स्टेट आणि ऑस्टिनमध्ये टेक्सास. ऑस्टिनला थंडीची फिकीर नव्हती. उरलेल्या तिन्ही ठिकाणी पारा शून्याखाली. त्या तिघांतल्या एका ठिकाणी मी होतो.

अडचण कुठं होती ते समजायला आमचं वर्षाचं चक्र सांगायला हवं. घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना नोव्हेंबरच्या अखेरीस, थँक्सगिव्हिंग सणाच्या शनिवारी किंवा त्याच्या आसपास होतो. तो संपला की आम्ही स्टेडियम झोपवतो. मुख्य व्हॉल्व्ह बंद करायचा, खालचे ड्रेन कॉक उघडून लाइनी रिकाम्या करायच्या, वाकणात साचून राहिलेलं पाणी कॉम्प्रेसरच्या हवेनं फुंकून काढायचं आणि बेसिन-कमोडच्या ट्रॅपमध्ये न गोठणारं गुलाबी द्रावण ओतायचं. या कामाला कित्येक दिवस लागतात, कारण उघड्या काँक्रीटच्या वाडग्यात शेकडो तोट्या असतात. एकही शाखा राहून चालत नाही. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्क्यांनी फुगतं. बर्फाची गाठ आणि बंद तोटी यांच्यामध्ये अडकलेल्या पाण्यावर दाब चढत जातो आणि पाइप तिथं फाटतो. बर्फ एकीकडं असतो, फाटतं दुसरीकडं. वसंतात पाणी सोडल्यावर ते कळतं.

त्या वर्षी हंगाम संपला तरी आम्ही कोणाचे यजमान आहोत का, हे ठरलेलं नव्हतं. निवड समिती ८ डिसेंबरला यादी जाहीर करणार होती. मानांकनात पाचव्या ते आठव्या संघाला घरचा सामना. पहिल्या चौघांना ही फेरी खेळायचीच नाही, नवव्यापासून बाराव्यापर्यंतच्यांनी दुसऱ्याच्या गावी जायचं. म्हणजे जिंकत वर गेलो तर घरी सामना नाही, थोडं खाली राहिलो तर आहे. पाणी उतरवावं की ठेवावं? उतरवून परत भरायचं तर बारा-तेरा दिवसांत गळती शोधून, लाइनी धुऊन, नमुने तपासून सगळं उभं करायचं. ठेवायचं तर तीन आठवडे थंडीशी झुंज. आम्ही ठेवलं.

स्वच्छतागृहांचे उघडे दरवाजे प्लायवूडनं बंद केले, वर प्लॅस्टिकचे पडदे लावले, आत तात्पुरते हिटर ठेवले. बाहेरून जाणाऱ्या लाइनींना गरम होणारी वायर गुंडाळून वर फोमचं आवरण चढवलं. तोट्या बारीक धारेनं चालू ठेवल्या, कारण वाहतं पाणी सहजी गोठत नाही. रोज रात्री दोघंजण थर्मामीटर घेऊन फिरायचे आणि प्रत्येक खोलीचं तापमान वहीत लिहायचे. त्या वहीची पानं अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहेत. थंडीनं बोटं आखडून लिहिलेले आकडे आहेत ते.

पाण्यावर एवढा जीव का, असं तिथल्या एका तरुण व्यवस्थापकानं मला विचारलं होतं. बाहेर फिरती शौचालयं उभी करता येतील, बाटल्यांतून पाणी देता येईल, असं त्याचं म्हणणं. मी त्याला खाद्यपदार्थांच्या स्टॉलवर घेऊन गेलो. तिथं हात धुवायला गरम वाहतं पाणी नसेल तर आरोग्य खात्याच्या नियमानं स्टॉल उघडत नाही. स्टॉल उघडला नाही तर त्या थंडीत चार तास बसलेल्या माणसाला गरम चॉकलेटचा पेला मिळत नाही. आणि वरच्या रांगेतल्या सत्तरीच्या आजीबाईंनी शंभर पायऱ्या उतरून, बर्फावरून चालत बाहेरच्या प्लॅस्टिकच्या खोक्यात जायचं, हे मला मान्य नव्हतं. आजही नाही.

हे पाण्याबद्दल अर्ध्या जन्माचं वेड म्हणावं तर ते घरातून आलंय. माझे वडील, आबा, तासगाव नगरपालिकेत चावीवाले होते. कोणत्या गल्लीला किती वाजता पाणी सोडायचं, हे त्यांच्या हातातल्या लांब चावीवर ठरायचं. रस्त्याखाली कुठं गळतंय हे शोधायला ते लोखंडी सळईचं एक टोक व्हॉल्व्हवर आणि दुसरं कानाला लावायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे. लहानपणी मला ती जादू वाटायची. "पाणी बोलतंय, आपण गप ऱ्हायचं," एवढंच सांगायचे.

त्या पहाटे वरच्या मजल्यावर पोचलो तेव्हा कारण लगेच दिसलं. हिटरचा ब्रेकर पडला होता. एकाच सर्किटवर कुणीतरी कॉफीचं मोठं भांडं जोडलं होतं, तेही आपल्या थंडीनं गारठलेल्या लोकांसाठीच, त्याला काय बोलणार. दीड-दोन तास खोली बिनहिटरची राहिली असेल. पण एवढ्यात खोलीतली लाइन गोठत नाही. गाठ दुसरीकडं होती. मी मोठा पान्हा घेतला, टोक पाइपवर टेकवलं, मूठ कानाशी धरली. सोबतच्या पोराला कॉम्प्रेसर बंद करायला लावलं. खालच्या व्हॉल्व्हपाशी पाण्याची घुमारी ऐकू येत होती. दहा फूट पुढं ती बारीक. भिंत ओलांडून लाइन बाहेर जाते तिथं काहीच नाही, दगडासारखं गप्प.

भिंतीच्या त्या भोकापाशी फोम एक वीत सरकला होता. तेवढी जागा वाऱ्याला पुरली. तांब्याचा दोन इंची पाइप होता, आणि गाठीच्या पलीकडं, तोटीच्या बाजूला, बेडूक गिळलेल्या सापासारखा फुगला होता. हातमोजा काढून बोट फिरवलं तर फुगवट्यावर केसाएवढी चीर हाताला लागली. बर्फ होता म्हणून गळत नव्हतं. वितळलं असतं तर पाणी सरळ खालच्या जिन्यावर गेलं असतं आणि तिथं गोठलं असतं. लोक त्याच जिन्यानं चढणार होते.

व्हॉल्व्ह बंद केला, वरच्या सगळ्या तोट्या उघड्या ठेवल्या. मग तोटीच्या बाजूनं गाठीकडं, इंचाइंचानं, गरम हवेच्या गननं शेकत आलो. ज्योत लावायची नाही आणि मधूनच शेकायचं नाही, कारण वाफेला जायला वाट लागते. पंचवीस मिनिटांनी पहिल्या तोटीतून बर्फाचे चिंगळीएवढे तुकडे पडले, मग खळ्ळ करून पाणी उतरलं. फुगलेला दीड फूट तुकडा कापून काढला.

नवा तुकडा दाबून बसवायचं यंत्र आमच्याकडं असतं, मिनिटभराचं काम. पण थंडीनं त्याच्या बॅटऱ्या मान टाकून बसल्या. एक बॅटरी पोरानं जॅकेटच्या आत पोटाशी धरून बघितली, तरी यंत्र चालेना. राहिलं डाग देणं, म्हणजे झाळणं. आणि पाइपमध्ये थेंबभर पाणी असलं तरी डाग बसत नाही, सगळी उष्णता पाणीच पिऊन टाकतं. व्हॉल्व्ह जुना, पूर्ण बंद होत नव्हता, थेंब थेंब येतच होते. आमचा फोरमन एकसष्ट वर्षांचा, चार दशकं याच कामात. त्यानं शांतपणे आपला डबा उघडला, सँडविचमधला पांढरा ब्रेड काढला, कडा खुडल्या, मऊ भाग चुरून पाइपमध्ये बोटानं कोंबला. ब्रेड दोन-तीन मिनिटं पाणी धरतो. तेवढ्यात डाग द्यायचा. नंतर पाणी सोडलं की ब्रेड भिजून तोटीतून निघून जातो. आपल्याकडं सूत आणि सफेदा, त्यांच्याकडं ब्रेड. त्याचा हात अजिबात हलत नव्हता. मी टॉर्च धरला होता, माझा हात हलत होता.

साडेसहाला पाणी सोडलं. तोटीतून आधी हवा, मग ब्रेडचा लगदा, मग स्वच्छ धार. जोडाखाली कोरडा कागद धरला आणि पाच मिनिटं बघत बसलो. कागद कोरडाच राहिला.

बाकीचा दिवस माणसांच्या तुटवड्याचा होता, आणि त्याबद्दल कमी बोललं जातं म्हणून लिहितो. परीक्षा संपल्या होत्या, वसतिगृहं रिकामी व्हायला लागली होती. दारावर तिकीट बघणारी, जागा दाखवणारी, बर्फ खोऱ्यानं ओढणारी निम्मी मंडळी एरवी विद्यार्थीच असतात. स्टॉलवर उभे राहतात ते शाळेच्या बँडचे पालक, चर्चची मंडळं. विक्रीतला वाटा त्यांच्या संस्थेला मिळतो. नाताळाच्या आधीच्या शुक्रवार-शनिवारी त्यांना बोलवायचं कसं? तरी आले. आमच्या विभागातल्या एकीनं आईवडिलांकडं जायचं विमान सोडलं आणि दिवसभर उतारांवर मीठ टाकत होती. साधं मीठ फार थंडीत निकामी होतं, म्हणून जिन्यांवर कॅल्शियम क्लोराइड वापरावं लागतं. तिच्या हातमोज्यांना भोकं पडली होती.

पाहुण्या संघासाठी साडेतीन हजार तिकिटं राखीव असतात. बारा दिवसांत विमान, हॉटेल, सुट्टी जमवून ती माणसं आली होती. पूर्वेकडच्या वरच्या मजल्यावर त्यांच्यातलं एक कुटुंब भेटलं. बाप, दोन मुली आणि आजी. आजीबाई त्याच स्वच्छतागृहातून हात पुसत बाहेर आल्या आणि मला पाहून म्हणाल्या की आत किती छान ऊब आहे. मी फक्त मान हलवली. घसा दाटून आला होता.

सामना मी पाहिला नाही. आवाज मात्र ऐकला. एवढी माणसं एकदम पाय आपटतात तेव्हा लाइनींच्या खुंट्या थरथरतात, तेव्हा मी हात लावून बघत होतो. मध्यंतराला सगळे एकदम उठतात आणि दाबाचा काटा खाली झुकतो. तो झुकला, थांबला, परत चढला.

ही फेरी त्रयस्थ मैदानावर न्यावी असं म्हणणारे आमच्यातही आहेत. मला ते पटत नाही. छताखालच्या स्टेडियममध्ये काम निम्मं होईल हे खरं. पण त्या दिवशी आमच्या गावात जे आलं ते डिसेंबरात कधी येत नाही. जेवणाची हॉटेलं भरली, एरवी सुट्टीत सुन्न पडणाऱ्या रस्त्यावर माणसं गात चालली होती. माझं मागणं एवढंच आहे की उत्तरेतल्या विद्यापीठांनी स्टेडियम डिसेंबरसाठी बांधावीत. लाइनी भिंतीच्या आतून न्याव्यात, प्रत्येक स्वच्छतागृहाला कायमचा हिटर आणि स्वतंत्र सर्किट असावं, आणि हंगाम संपल्यावर थांबणाऱ्या माणसांची सुट्टी आणि पगार आधी ठरलेला असावा. २०२५ला पहिली फेरी ओरेगन, ओक्लाहोमा, टेक्सास ए अँड एम आणि ओल मिसकडं गेली, म्हणून त्या वर्षी हा विषय मागं पडला. थंडी कुठं जात नाही.

रात्री स्टेडियम रिकामं झाल्यावर आम्ही लगेच पाणी उतरवायला घेतलं. पुढची फेरी दुसरीकडं होती, घरी आता काही नव्हतं आणि पहाटे पारा आणखी उतरणार होता. दिवा लावून ड्रेन कॉक उघडला. पाणी काँक्रीटवर पडलं आणि कडेनं पांढरं व्हायला लागलं. तासगावात तेव्हा सकाळ झाली होती. आबांना फोन लावला. "झालं का रे?" त्यांनी विचारलं. सगळं सांगितलं, फुगलेला पाइप, ब्रेड, पान्हा कानाला लावला तेही. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "जरा फोन पाण्याजवळ धर."

मी वाकून फोन कॉकपाशी धरला. धार बारीक होत होती.

"अजून हाय आत," आबा म्हणाले. "घाई करू नगंस."