टोनी ग्विन आणि साडेपाचची फट

आज पुन्हा बेसबॉलपटू टोनी ग्विनचे 1994 चे आकडे काढून बसलो. 419 अ‍ॅट-बॅट, 165 हिट, सरासरी .394 (म्हणजे बॅटिंगच्या हिशेबात धरलेल्या 419 संधींपैकी 165 वेळा चेंडू मारून बेस गाठला). तेवढ्याच अ‍ॅट-बॅटमध्ये आणखी 3 हिट पडले असते तर .400 पार झालं असतं. पण ऑगस्टमध्ये खेळाडूंचा संप झाला आणि मोसम तिथेच बुडाला. लोक त्या 3 हिटांवर हळहळतात. मला त्याचं 1995 जास्त भारी वाटतं: 535 अ‍ॅट-बॅट आणि स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकांवर बाद होणं, फक्त 15.

1982 ते 2001 एकच संघ, सॅन डिएगो पॅड्रेस. 3,141 हिट, 8 बॅटिंग किताब (लीगमधल्या सर्वाधिक सरासरीचे). हे सगळे सांगतात. बघायचं ते तो मारायचा कसा. डावखुरा बॅटर, आणि लाडकी जागा थर्ड बेसमन आणि त्याच्या शेजारचा क्षेत्ररक्षक शॉर्टस्टॉप यांच्यामधली. स्कोअरबुकात त्यांचे क्रमांक 5 आणि 6, म्हणून ही ‘5.5’ ची फट. डावखुऱ्याला तिकडे मारायचं तर धीर लागतो. बाहेरचा चेंडू होम प्लेटवर (बॅटरसमोरच्या पाटीवर) खोल येऊ द्यायचा, हात पुढे आणि बॅटचं टोक मागून. घाई केली की उजवा खांदा आधीच उघडतो, बॅट चेंडूला वळसा घालते आणि सेकंड बेसमनकडे मिळमिळीत ग्राउंडर, म्हणजे जमिनीवरून घरंगळणारा फटका, जातो. टीवरच्या, म्हणजे चेंडू ठेवायच्या दांडीवरच्या, सरावातही हाच घोळ होतो. आतल्या चेंडूसाठी टी पुढे ठेवलेली असते, बाहेरच्यासाठीही तिथेच राहते. ती मागे सरकवली नाही तर चुकीचं टायमिंगच घोटलं जातं.

1983 मध्ये फॉर्म हरवला तेव्हा त्याने बायकोला, अ‍ॅलिशियाला, घरच्या व्हीसीआरवर सामने टेप करायला सांगितलं. आज प्रत्येक संघाकडे व्हिडिओची खोली असते. तेव्हा हे खूळ वाटलं असणार. पुढे जुन्या काळचा दिग्गज बॅटर टेड विल्यम्सने त्याला आतल्या चेंडूवर तुटून पडायला भरीस घातलं. 1997 मध्ये, वयाच्या 37 व्या वर्षी, 17 होमरन आणि सरासरी .372!

आउटफिल्डमधले (मैदानाच्या मागच्या भागातले) 5 गोल्ड ग्लव्ह, म्हणजे उत्तम क्षेत्ररक्षणाचे पुरस्कारही त्याने कमावलेले आहेत. आउटफिल्डमध्ये डोक्यावरून जाणाऱ्या चेंडूला पहिलं पाऊल मागे पडावं लागतं. चेंडूकडे तोंड ठेवून उलटं धावणारा हमखास अडखळतो. आणि फेक कटऑफवाल्याच्या (मध्ये उभं राहून फेक पुढे पोचवणाऱ्याच्या) छातीच्या उंचीवर हवी. थेट होम प्लेटवर उंच फेकण्याच्या हौसेपायी मागचा धावपटू आयता सेकंडवर पोचतो.

2003 च्या मोसमापासून तो आपल्याच सॅन डिएगो स्टेट विद्यापीठाचा मुख्य प्रशिक्षक होता, जून 2014 मध्ये 54 व्या वर्षी लाळग्रंथीच्या कर्करोगाने जाईपर्यंत. (ओठाआड तंबाखू ठेवण्याच्या सवयीलाच तो दोष द्यायचा. आपल्याकडे हे वेगळं समजवायला नको.) कॉलेजचं कोचिंग सोपं नसतं. मोसमात आठवड्याला 20 तासच सरावाचे, आणि धातूच्या बॅटवर मुठीजवळ लागलेला चेंडूही आउटफिल्डपर्यंत जातो, म्हणजे चूक झाकली जाते. 2011 मध्ये बॅटचे नियम कडक झाले तेव्हा कुठे नेमक्या जागी मारण्याला पुन्हा भाव आला.

363 विजय, 363 पराभव, असा त्याचा कोच म्हणून हिशेब. आणि एवढ्या मोठ्या बॅटरचा सर्वांत गाजलेला विद्यार्थी निघाला पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा: स्टीफन स्ट्रासबर्ग, 2009 च्या ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक संघांच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत) सर्वांत आधी निवडलेला.