बाबांच्या फोनचा पिन

बाबा डिसेंबरात गेले. तेरावं आटोपलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला त्यांच्या फोनचा गजर वाजला आणि आई स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, बंद करा ना तो." मग आम्ही दोघीही गप्प. गजर बंद करायला पिन लागत नाही, बोट सरकवलं की झालं. बाकी सगळ्याला लागतो.

फोन उघडायची घाई बागेमुळे होती. काटोलकडे आमची तीन एकर संत्र्याची बाग आहे, साडेतीनशेच्या आसपास झाडं. मृगाचा, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडी फुलणारा बहार बाबांनी नोव्हेंबरातच एका व्यापाऱ्याला ठोक देऊन टाकला होता. इसार घेतलाय, बाकीचे पैसे तोडीच्या वेळी, एवढंच आईला माहीत. व्यापारी कोण, सौदा कितीचा, इसार किती? "सगळं फोनमध्ये आहे," असं बाबा म्हणायचे. आधी ते लाल वहीत लिहून ठेवत. दोन-तीन वर्षांपूर्वी माझ्या मुलानं त्यांना व्हॉट्सॲप नीट शिकवलं आणि वही बंद पडली. मृगाची फळं फेब्रुवारी-मार्चात तयार होतात. म्हणजे आमच्या हाती दोन महिने.

पिन चार आकडी. पूर्वीचा पिन माझ्या मुलाला माहीत होता, त्यानंच टाकून दिलेला. पण बँकेकडून "पिन कोणालाही सांगू नका" असे मेसेज यायचे, ते बाबांनी अक्षरशः मनावर घेतले आणि तो बदलला. आम्ही त्यांचं जन्मसाल टाकलं, आईचं टाकलं, लग्नाचं साल, बागेचा गट नंबर, जुन्या लूनाचा नंबरसुद्धा. पाच चुका झाल्या की फोन तीस सेकंद थांबवतो, पुढे थांबवण्याची वेळ वाढत जाते. शेवटी आईनं हातातून फोन काढून घेतला. "छळू नका त्याला," म्हणाली. कोणाला, ते मी विचारलं नाही.

मग बर्डी. मोदी नंबर दोनच्या गल्लीत फोन दुरुस्तीची दुकानं ओळीनं आहेत. सीताबर्डीला नागपुरात बर्डी का म्हणतात ते पुण्यातल्या वहिनीला मी कितीदा सांगितलं असेल, ते असो. दुकानातला पोरगा प्रामाणिक निघाला. "ताई, लॉक तोडून देतो, पण आत काहीच नाही राहणार. सारा डेटा जाईल. अन् चालू केल्यावर तो पुन्हा काकांचाच ईमेल-पासवर्ड मागेल." तो खरंच सांगत होता. अँड्रॉइड फोन असा रिसेट केला की जुन्या खात्याची खात्री पटल्याशिवाय तो कामाला लागत नाही. चोरांसाठी केलेली सोय आहे आणि ती चांगलीच आहे. फक्त चोर आणि लेक यांतला फरक फोनला कळत नाही. तीन दुकानं पुढे एकजण "हो जायेगा मॅडम, छोड के जाओ" म्हणाला. त्याच्याकडे फोन सोडायची माझी हिंमत झाली नाही.

घरी आल्यावर मला वाटलं, सोपं आहे. बाबांचं सिम काढायचं, माझ्या जुन्या फोनमध्ये टाकायचं, त्यावर व्हॉट्सॲप सुरू करायचं, ओटीपी येईलच. सिम काढायची पिनसुद्धा हातात होती, म्हणजे खरीखुरी टोचायची पिन. मुलगा क्लासवरून आला आणि त्यानं माझा हातच धरला.

"आई, थांब. नव्या फोनवर चालू केलंस की आबांच्या फोनवरचं लॉगआउट होईल. आणि नव्यावर जुने चॅट येणारच नाहीत, बॅकअप आबांच्या गूगल खात्यात आहे. दोन्हीकडून जाशील."

सतरा वर्षांच्या मुलाकडून हे ऐकताना राग येतो, पण पोरगं बरोबर होतं. शिवाय सिम हातात आलं की मोह पडतो, हेही कबूल करते. त्याच नंबरवर बँकेचा ओटीपी येतो. "पैसे काढून घ्या ना पटकन, मग कागदपत्रं करत बसा," असा सल्ला आम्हाला दोन नातेवाइकांनी दिला, त्यातले एक स्वतः बँकेतून निवृत्त झालेले. गेलेल्या माणसाच्या खात्यातून त्याच्या पिनवर पैसे काढणं गुन्हा ठरू शकतो, हे त्यांना माहीत नसेल असं नाही.

आणि गंमत म्हणजे त्याची गरजही नव्हती. बँकेचं काम सगळ्यात सरळ झालं. महापालिकेच्या झोन ऑफिसातून मृत्यूचा दाखला आणला, पासबुक आणि आईचं आधार घेऊन गेलो. खात्यावर आईचं नॉमिनेशन होतं, त्यामुळे वारस प्रमाणपत्रासाठी कोर्टाची पायरी चढावी लागली नाही. 1 नोव्हेंबर 2025 पासून तर बँक खात्याला एकाऐवजी चार नॉमिनी लावता येतात. बाबांनी खातं कधीतरी ऐंशीच्या दशकात उघडलं. तेव्हाच्या त्या पिवळट फॉर्मवर, शाईच्या पेनानं, त्यांच्या मृत्यूची सोय लिहिलेली होती.

फोन मात्र नवा घेतला तेव्हा त्यानं त्यांना काय काय विचारलं ते मी स्वतः शेजारी बसून पाहिलं होतं. भाषा कोणती, बोटाचा ठसा द्या, चेहरा दाखवा, तुम्ही कुठे आहात ते कळू द्या, जाहिराती तुमच्या आवडीच्या दाखवू का. तुमच्यानंतर हे कोणाचं, हे नाही विचारलं.

सोय नाही असंही नाही. गूगलवर 2013 पासून इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर आहे. तीन, सहा, बारा किंवा अठरा महिने खातं वापरलं गेलं नाही, तर तुम्ही निवडलेल्या दहापर्यंत माणसांना कळवायचं आणि तुम्ही म्हणाल ती माहिती त्यांना द्यायची. ॲपलच्या फोनवर लेगसी काँटॅक्ट म्हणून असंच काहीसं आहे. पण हे सगळं सेटिंगच्या पोटात तिसऱ्या-चौथ्या पायरीवर. सत्तरीतला माणूस तिथवर कशाला जाईल? मीच गेले नव्हते. ही सोय लावलेली नसेल तर वारसांनी अर्ज करायचा, कागद लावायचे. पासवर्ड कोणालाही मिळणार नाही, माहिती द्यायची की नाही ते प्रकरण पाहून ठरवू, असा गूगलचा नियम आहे. तो वाचून मी थांबले, अर्ज केला नाही. एक तर हातात वेळ नव्हता. दुसरं म्हणजे नियम मला पटला. मी बाबांची लेक आहे, पण मी सांगते म्हणून कोणी माझ्यापुढे त्यांची सगळी पत्रं उघडून ठेवावीत का? माझी तक्रार कुलपाबद्दल नाही. किल्ली कोणाला द्यायची हे ते जिवंत असताना ठळक अक्षरात विचारायला हवं होतं, एवढंच. आपल्या 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात कलम 14 आहे. त्यात आपल्या माहितीसाठी नॉमिनी नेमण्याचा हक्क दिला आहे. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले, पण हा भाग त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होणार. बाबांना उशीर झाला, की कायद्याला, कोण जाणे.

तोवर एकच काम हातात राहिलं, नंबर जिवंत ठेवायचा. व्यापारी कधीतरी फोन करेलच, आणि आलेला फोन उचलायला पिन लागत नाही. बाबांचं सिम प्रीपेड. वापर नसेल तर असा नंबर नव्वद दिवसांनी बंद होऊ शकतो आणि पुढे दुसऱ्याला दिला जातो. कोणी अनोळखी माणूस बाबांच्या नंबरवरून "हॅलो" म्हणेल, ही कल्पना आईला फारच झोंबली. म्हणून मी माझ्या फोनवरून रिचार्ज मारत राहिले. रिचार्ज मारायला मृत्यूचा दाखला लागत नाही.

नंबर आईच्या नावावर करायला मात्र लागतो. मोबाइल कंपनीच्या गॅलरीत पहिल्यांदा गेले तेव्हा काउंटरवरच्या मुलीनं मान वर न करता सांगितलं, "ज्यांच्या नावावर आहे त्यांना घेऊन या."

"ते वारले आहेत."

"हां... मग त्यांचं आधार घेऊन या."

तिचीही चूक नसावी, दिवसभर तेच तेच वाक्य बोलत असेल. दुसऱ्या फेरीत कळलं की बाकीच्या वारसांचं ना हरकत प्रतिज्ञापत्र लागेल. दादा पुण्यात. सिव्हिल लाइन्सला कोर्टाबाहेर टायपिंगवाल्याकडे मजकूर करून घेतला, स्टॅम्प पेपर पाचशेचा, तो कुरिअरनं पुण्याला गेला, सही होऊन परत आला. दोनशे रुपयांच्या रिचार्जवाल्या नंबरसाठी एवढं. तीन एकरांच्या फेरफाराला तलाठ्याकडे याहून फार जास्त कागद लागले नाहीत, असं दादा म्हणाला, आणि फेरफार तर अजून व्हायचाच आहे.

पण सिम बदलायचं मी मुद्दाम लांबवलं. नवं सिम सुरू झालं की बाबांच्या फोनमधलं बंद पडणार, आणि व्यापाऱ्याचं नाव त्याच फोनच्या यादीत होतं. दुसऱ्या फोनवर नुसता नंबर दिसला असता.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, दुपारी आई लवंडलेली असताना, फोन वाजला. स्क्रीनवर नाव आलं, "संत्रा 2". बाबांची नावं ठेवायची पद्धत अशीच. प्लंबर 1, प्लंबर 2, डॉक्टर दात.

"काकाजी, नमस्कार! फळाले रंग आला असन, पाहाले येऊ का?"

मी सांगितलं. पलीकडे बराच वेळ नुसती मोटारसायकल ऐकू येत राहिली.

"अरे बाप्पा. मले कोणी सांगतलंच नाही, ताई."

दोन दिवसांनी आम्ही बागेत भेटलो. मी वाटेत ठरवून गेले होते की आपल्याला काही माहीत नाही हे दाखवायचं नाही. त्यानं काही विचारायच्या आतच आपला फोन काढला, चॅट उघडला आणि माझ्या हातात दिला. "घ्या, सारं हाये यात." सौदा चार लाख दहा हजाराचा. इसार एक्कावन्न हजार, तारखेसह. दोन महिने आम्ही ज्या चॅटसाठी डोकं फोडत होतो त्याची दुसरी बाजू त्या माणसाच्या शर्टाच्या खिशात, कुलूप न लावलेल्या फोनमध्ये होती. माझ्या मुलानं हे ऐकून कपाळाला हात लावला. फोनला पिन नाही, आणि त्यावर लाखांचे व्यवहार!

चॅटमध्ये बाबांचे आठ-नऊ आवाजी मेसेज होते. त्यानं एक लावला.

"हे पाय, चार दहाच्या खाली मी देत नाही. परवडत असन तं घे, नाही तं राहू दे. आन् यावेळी धड माणसं आणजो, मागच्या खेपेले तुह्या माणसाईनं फांद्या मोडल्या माह्या."

घरी बाबा आमच्याशी असं कधीच बोलत नसत. नागपुरात नोकरी लागली तेव्हापासून घरात पुस्तकी मराठी, आमचेही उच्चार सुधारायचे. आजी गेल्यानंतर हे बोलणं मी घरात ऐकलंच नव्हतं. मला वाटायचं ते विसरले. व्यापाऱ्यानं मला सगळे मेसेज फॉरवर्ड केले, बाकीचे पैसे तोड झाली त्या दिवशी दिले, आणि त्याच्या माणसांनी यंदाही दोन फांद्या मोडल्या.

त्यानंतरच आईला घेऊन गॅलरीत गेले. तिचा तिथल्या तिथे फोटो काढायचा होता. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन महिनाच झालेला, तिचे डोळे मिटत राहायचे आणि ॲप फोटो घेईना. "आजी, जरा डोळे मोठे करा," तीच काउंटरवरची मुलगी तिच्या खुर्चीजवळ उकिडवी बसून म्हणत होती. चौथ्यांदा जमलं. सिम मिळालं, पण नव्या सिमवर पहिले चोवीस तास एसएमएस बंद असतात. कोणी चोरून डुप्लिकेट सिम काढलं तर त्याला लगेच ओटीपी मिळू नयेत म्हणून 2022 पासून हा नियम आहे. इतक्या खटाटोपानंतर एक दिवस काय. आता बाबांचा नंबर आईकडे आहे. बाबांचा फोन कपाटात बंद आहे, तो उघडला नाही तो नाहीच.

आईच्या फोनवर मी लगोलग ती गूगलची सोय लावायला बसले. किती महिने ठेवू, विचारलं.

"म्हणजे मी गेल्यावर किती दिवसांनी तुला कळवायचं?"

"तसंच काहीतरी."

"तुला आधी नाही का कळणार?"

तीन महिने ठेवले. नावं माझं आणि दादाचं. दुसऱ्या दिवशी फ्रीजवरच्या कॅलेंडरवर, डिसेंबरच्या पानावर कोपऱ्यात, पेन्सिलीनं चार आकडे लिहिलेले मुलाला दिसले. खाली आईच्या अक्षरात: "फोनचा."

"आजी, हे असं सगळ्यांना दिसेल असं लिहितात का!" तो ओरडला.

"म्हणूनच लिहिलं," आई म्हणाली, आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायला आत गेली.