सोमवारचा पहिला तास

आज इथे जपानमधल्या विद्यापीठात फर्स्ट इयरच्या वर्गात इंग्रजीत साधा प्रश्न टाकला, "वीकेंडला काय केलंत?" एक आवाज नाही. पुण्यात असतो तर मागच्या बाकावरून निदान एक टोमणा तरी आला असता! इथे ज्याच्याकडे बघावं तो आधी शेजाऱ्याशी जपानीत कुजबुजतो, उत्तर पक्कं करतो, मग बोलतो.

पोरं कच्ची नाहीत हो. शाळेत वर्षानुवर्षं व्याकरण घोटून आलीत. पण प्रवेशाच्या सामायिक परीक्षेत इंग्रजीचे १०० गुण वाचनाला, १०० ऐकण्याला आणि बोलण्याला शून्य. खासगी चाचण्यांमधून बोलणं तपासायचा बेत होता, तोही सरकारने २०२१ मध्ये रीतसर गुंडाळला. मग तोंड उघडायची सवय लागणार कुठून?

म्हणून आज जोड्या लावल्या. दोन मिनिटं लिहा, मग बोला. काय गलका झाला! बेसबॉल, कोंबिनीतली (म्हणजे छोट्या कन्व्हीनियन्स स्टोअरमधली) पार्ट-टाइम नोकरी, रामेन. एकीने तर मलाच विचारलं, "सेन्सेई (म्हणजे सर), तुम्ही रोज करी खाता?" म्हटलं, जवळपास रोजच, पण तुमच्यासारखी गोड नाही. त्यावर जपानी करीची बाजू घ्यायला तिघं सरसावले, तेही इंग्रजीत!

पुढच्या सोमवारी लिहायला एकच मिनिट देणार.